लिलावातली कोट्यवधींची सोन्याची नाणी नेमके कोण विकत घेते?

टांकसाळ

दर काही महिन्यांनी कुठले तरी सोन्याचे नाणे इतक्या-इतक्या लाख डॉलरना विकले गेल्याची बातमी येते, आणि बातमीचा शेवट ठरलेला असतो: खरेदीदाराने आपले नाव जाहीर केलेले नाही. त्याखालच्या चर्चेत हमखास दोन तर्क मांडले जातात. एक म्हणजे कुणा अरब शेखाने घेतले असणार, आणि दुसरा म्हणजे काळा पैसा मुरवला असणार. मी अनेक वर्षे लिलावांचे कॅटलॉग आणि निकाल वाचत आलो आहे आणि या दोन्ही तर्कांनी माझे समाधान होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात १९३३ च्या 'डबल ईगल'पासून करतो, कारण एवढ्या किमतीच्या नाण्याच्या मालकांची साखळी इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वीस डॉलरची ही ४,४५,५०० नाणी पाडली गेली. परंतु रूझवेल्ट यांनी त्याच सुमारास सोन्याची नाणी चलनातून काढून घेतल्यामुळे ती अधिकृतपणे बाहेर आलीच नाहीत आणि पुढे वितळवली गेली. जी थोडी मागच्या दाराने निसटली त्यांतले एक इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे गेले. गंमत अशी की १९४४ मध्ये खुद्द अमेरिकेच्या अर्थखात्यानेच नजरचुकीने त्याला निर्यात परवाना देऊन टाकला होता. फारूकची गादी गेल्यावर १९५४ मध्ये कैरोत त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, त्यातून अमेरिकेच्या विनंतीवरून हे नाणे काढून घेण्यात आले आणि त्यानंतर ते दिसेनासे झाले. १९९६ मध्ये एक ब्रिटिश नाणेव्यापारी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात ते विकायला आला असता गुप्तहेरांच्या सापळ्यात सापडला. खटला बरीच वर्षे चालला आणि अखेर तडजोड अशी झाली की नाणे लिलावात विकायचे आणि येणारी रक्कम सरकारने व व्यापाऱ्याने अर्धी-अर्धी वाटून घ्यायची.

३० जुलै २००२ रोजी न्यूयॉर्कमध्ये बोली ६६ लाख डॉलरवर थांबली. त्यावर १५ टक्के लिलावगृहाचा अधिभार आला आणि वर आणखी वीस डॉलर लावण्यात आले, कारण सरकारच्या दृष्टीने हे नाणे कधी चलनात आलेच नव्हते, तेव्हा दर्शनी मूल्य सरकारजमा केल्याशिवाय ते कायदेशीर होणार नव्हते. एकूण रक्कम झाली ७५,९०,०२० डॉलर. खरेदीदार जवळपास दोन दशके अज्ञात राहिला. २०२१ मध्ये ते नाणे पुन्हा विक्रीला आले तेव्हा कळले की खरेदीदार बुटांचे प्रसिद्ध डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन होते. त्यांनी सांगितलेले कारण अगदी साधे होते. लहानपणी ते तिकिटे आणि नाणी जमवत आणि जगातल्या काही दुर्मीळ वस्तू एक दिवस आपल्याकडे असाव्यात असे त्यांना तेव्हाच वाटले होते. ब्रिटिश गयानाचे एक सेंटचे किरमिजी तिकीटही त्यांनी त्याच ओढीने २०१४ मध्ये घेतले. २०२१ च्या त्या विक्रीत 'डबल ईगल'ला १ कोटी ८८ लाख ७२ हजार २५० डॉलर मिळाले आणि नवा मालक पुन्हा अज्ञातच राहिला. नाण्यात सोने किती, तर एक ट्रॉय औंसापेक्षाही (सुमारे ३१ ग्रॅम) किंचित कमी. त्या वेळच्या भावाने त्याची किंमत दोन हजार डॉलरही भरत नव्हती.

माझ्या मते एवढ्या किमतीच्या नाण्यांचा खरा खरेदीदार बहुतेक वेळा याच जातीचा असतो, म्हणजे लहानपणी हा नाद लागलेला आणि मध्यंतरी दुसऱ्याच धंद्यात अफाट पैसा कमावलेला माणूस. डॅलसचे पोग कुटुंब बांधकाम व्यवसायातले होते. तिथल्या डी. ब्रेंट पोग यांचा संग्रह २०१५ पासून टप्प्याटप्प्याने विकला गेला आणि त्याची एकूण विक्री दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली. बॉब सिम्पसन तेल आणि वायूच्या धंद्यातले. युटाचे डेल लॉय हॅन्सन जमीन-बांधकामातले, आणि त्यांची ईर्ष्या अशी की बाल्टिमोरचे बँकर लुई एलियासबर्ग यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या प्रत्येक वर्षाचे आणि प्रत्येक टांकसाळीचे नाणे मिळवून जो संपूर्ण संग्रह पुरा केला होता, तो आपण पुन्हा उभा करायचा. अशा माणसाला एखादे नाणे 'आवडते' म्हणून नको असते. संचातली एक जागा रिकामी आहे आणि ती भरणारे नाणे बाजारात वीस-तीस वर्षांतून एकदाच येते, एवढ्यासाठी त्याला ते हवे असते.

एलियासबर्ग यांचे प्रकरण आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९३३ च्या हुकमाने नागरिकांना सोने बाळगण्यास मनाई झाली, पण संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मूल्य असलेल्या नाण्यांना सूट होती. हातात सोने राहावे म्हणून त्यांनी दुर्मीळ नाणी घ्यायला सुरुवात केली आणि पुढे त्या नाण्यांनीच त्यांना धरून ठेवले. म्हणून गुंतवणूकदार आणि संग्राहक असे दोन स्वच्छ कप्पे पाडणे मला अवघड वाटते.

आता माझा मुख्य मुद्दा. 'कोण विकत घेतो' या प्रश्नात आपण जिंकणाऱ्याकडेच पाहतो, पण किंमत ठरवतो तो हरणारा, म्हणजे शेवटून दुसरा बोलीदार. १८२२ चे पाच डॉलरचे सोन्याचे नाणे घ्या. आज तीनच शिल्लक आहेत आणि त्यांतली दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, त्यामुळे खाजगी माणसाला मिळू शकेल असे जगात एकच. एलियासबर्ग यांचे हे नाणे १९८२ मध्ये पोग कुटुंबाने ६,८७,५०० डॉलरना घेतले. २०१६ मध्ये ते पुन्हा लिलावात आले तेव्हा राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली मालक विकणार नाही ती, गाठली गेली नाही आणि ते मालकाकडे परत गेले. २०२१ मध्ये तेच नाणे ८४ लाख डॉलरना गेले. मधल्या पाच वर्षांत नाण्यात काडीचाही फरक पडलेला नव्हता. २०१६ मध्ये त्या किमतीपर्यंत एकमेकांना खेचत नेणारी दोन माणसे दालनात नव्हती, २०२१ मध्ये होती. सोन्याचा भाव, नाण्याची दुर्मीळता आणि कॅटलॉगमधली दहा पानांची स्तुती हे सगळे एकीकडे आणि त्या दिवशी दुसरा वेडा हजर आहे की नाही हे एकीकडे.

अर्थशोधक

माहितीपूर्ण धागा आहे, परंतु आपण गुंतवणूकदारांना फारच थोडक्यात उरकले आहे असे वाटते. न्यूयॉर्कचा सोनार इफ्रेम ब्रॅशर याने १७८७ मध्ये पाडलेल्या 'डबलून'चे एक नाणे २०११ मध्ये ७४ लाख डॉलरना वॉल स्ट्रीटवरच्या एका गुंतवणूक संस्थेने घेतले होते. त्याच जातीचे दुसरे नाणे जानेवारी २०२१ मध्ये ९३ लाख ६० हजार डॉलरना गेले. महासाथीच्या काळात व्याजदर तळाला होते, शेअर बाजारात पैसा वाहत होता आणि आपण दिलेले विक्रमही नेमके त्याच वर्षातले आहेत. हा योगायोग नसावा.

टांकसाळ

@अर्थशोधक, आपले म्हणणे रास्त आहे, मात्र दोन गोष्टी जोडतो. २०११ चा तो व्यवहार लिलावातला नव्हता, व्यापाऱ्यामार्फत खाजगीत झालेला होता. हिशेबी गुंतवणूकदाराला बहुधा तेच सोयीचे पडते, कारण तिथे किंमत आधी कळते आणि भर दालनात चढाओढीत सापडण्याची भीती नसते. दुसरे असे की लिलावात खरेदीदाराला साधारण वीस टक्के अधिभार द्यावा लागतो, म्हणजे शंभराला घेतलेले नाणे खिशाला एकशे वीसला पडते. पुढे विकताना लिलावगृह विक्रेत्याकडूनही काही घेऊ शकते. शिवाय अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कमाल २८ टक्के कर आहे, शेअर्सवर तो कमाल २० टक्के आहे. केवळ परतावा पाहणाऱ्या माणसाने हा रस्ता धरावा असे त्यात काही दिसत नाही.

निव्वळ सोन्याचा खरेदीदार पाहायचा असेल तर २०१० चा व्हिएन्नाचा लिलाव पाहावा. कॅनडाच्या टांकसाळीने शंभर किलो वजनाची, दहा लाख डॉलर दर्शनी मूल्याची मोजकी पाच नाणी काढली होती. त्यांतले एक दिवाळखोरीत गेलेल्या एका ऑस्ट्रियन कंपनीच्या मालमत्तेतून लिलावात आले. ते ३२ लाख ७० हजार युरोंना स्पेनमधल्या सोन्याचा व्यापार करणाऱ्या कंपनीने घेतले, आणि ही किंमत जवळजवळ त्यातल्या सोन्याइतकीच होती. जगात पाचच नाणी असूनही दुर्मीळतेचे कुणी जादा पैसे दिले नाहीत, कारण त्यामागे रिकामी जागा भरणारा संग्राहकच नव्हता.

परदेशस्थ_सातारकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि जानेवारीत फ्लोरिडात ऑरलँडोला भरणाऱ्या नाण्यांच्या मोठ्या प्रदर्शनाला काही वेळा गेलो आहे. माझी ऐपत तिथल्या टेबलावर कोपर टेकण्यापुरतीच आहे, पण पाहायला कुणी हरकत घेत नाही.

लिलावापूर्वी लॉट, म्हणजे विक्रीला काढलेली नाणी, पाहण्यासाठी एक खोली असते. ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचे, टेबलाशी बसायचे आणि हवे ते लॉट क्रमांक मागायचे. प्रत्येकापुढे एक दिवा असतो आणि बाकी खोलीत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. नाणी त्यांची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असतात आणि वर ७० पैकी गुण छापलेले असतात. असे असूनही शेजारी बसलेला व्यापारी त्या गुणांकडे बघतही नव्हता. पेटी दिव्याखाली तिरकी धरून तो नाणे अगदी सावकाश फिरवत होता, प्रकाशाचा पट्टा नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरून, मग केसांवरून, मग मोकळ्या भागावरून सरकू देत होता. मध्येच थांबून त्याने भिंग लावले आणि कॅटलॉगच्या कडेला पेन्सिलीने एक आकडा आणि दोन अक्षरे लिहिली. पूर्वी कुणी नाणे पुसले असेल तर केसाएवढ्या समांतर रेघा त्या फिरत्या उजेडातच दिसतात, असे त्यानेच मला सांगितले.

सांगायचा मुद्दा असा की संध्याकाळी हात वर करणारी माणसे बहुतांश हीच असतात आणि त्यांच्या वहीत तीन-चार गिऱ्हाइकांच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. गिऱ्हाईक घरी असते. बातमीत 'अज्ञात खरेदीदार' म्हटले जाते तेव्हा लिलावगृहाला तो पक्का ठाऊक असतो आणि त्या खोलीतल्या पाच-सात व्यापाऱ्यांनाही अंदाज असतो. अज्ञात असतो तो फक्त आपल्याला.

निर्विकार

सर्व मान्य, पण काळ्या पैशाचा मुद्दा आपण सगळ्यांनी फार सभ्यपणे बाजूला सारला आहे. मुठीत मावणारी आणि कोट्यवधींची वस्तू सीमेपार न्यायला इतकी सोपी दुसरी कुठली आहे?

टांकसाळ

@निर्विकार, सोपी आहे हे खरे आणि मधल्या किमतीच्या, सर्रास मिळणाऱ्या सोन्याच्या नाण्यांबाबत आपली शंका मी खोडून काढणार नाही. मात्र अत्युच्च किमतीचे नाणे या कामाला फार वाईट. त्याचे प्रत्येक ओरखड्यासह छायाचित्र जगभरच्या कॅटलॉगमध्ये छापलेले असते, त्यामुळे ते पुन्हा विकायला काढले की सगळ्यांना कळते. या क्षेत्रातली खरी गडबड पैशापेक्षा वस्तूच्या पूर्वेतिहासात होते. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने पाडलेले, दोन खंजीर आणि मुक्तीची टोपी असलेले सोन्याचे नाणे २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात ३२ लाख ४० हजार पौंडांना गेले. त्याच्या आधीच्या मालकीची कागदपत्रे बनावट असल्याचा आरोप झाला, लिलावगृहाच्या संचालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकी यंत्रणेने ते नाणे ग्रीसला परत केले. म्हणूनच जाणकार खरेदीदार आज नाण्याइतकेच त्याच्या आधीच्या मालकांच्या यादीला पैसे मोजतो. फारूक, एलियासबर्ग, पोग ही नावे कॅटलॉगमध्ये ठळक छापण्याचे कारण निव्वळ मिरवणे नाही.

मृदगंध

संग्रहालये का घेत नाहीत? अशा वस्तू खरे तर तिथेच शोभतात.

टांकसाळ

@मृदगंध, बोली लावण्याएवढा पैसा त्यांच्याकडे क्वचितच असतो. स्मिथसोनियनकडे सोन्याचा जो मोठा खजिना आहे त्यातला बराचसा औषधकंपनीचे जोसाया लिली यांच्या संग्रहातून आला. सहा हजारांहून अधिक सोन्याची नाणी १९६८ मध्ये त्यांच्या वारसांना मिळालेल्या करसवलतीच्या बदल्यात आली, लिलावात एकही बोली न लावता.

कधी कधी संग्रहालय हरल्यानंतर जिंकते. मर्सिया या जुन्या इंग्लिश राज्याचा राजा कोएनवुल्फ याचे नवव्या शतकातले सोन्याचे नाणे २००१ मध्ये बेडफर्डशायरमध्ये नदीकाठी सापडले. २००४ च्या लिलावात ते एका अमेरिकनाने २,३०,००० पौंडांना घेतले. ब्रिटिश सरकारने निर्यात परवाना रोखून धरला आणि त्या अवधीत पैसा उभा करून ब्रिटिश म्युझियमने २००६ मध्ये ते ३,५७,८३२ पौंडांना मिळवले. त्या अमेरिकनाला नाणे ठेवता आले नाही, पण त्याचे नुकसान झाले असे म्हणवत नाही.

डेन्मार्कचे उदाहरण मला जास्त आवडते. लोण्याच्या व्यापारात श्रीमंत झालेले लार्स एमिल ब्रून १९२३ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी अट घातली की आपला संग्रह शंभर वर्षे विकायचा नाही आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहाला काही झालेच तर त्याची भरपाई म्हणून तो राखून ठेवायचा. शंभर वर्षे संपल्यावर संग्रहालयाने आधी सात नाणी निवडून घेतली. मग सप्टेंबर २०२४ मध्ये कोपनहेगनला पहिला लिलाव झाला, त्यात राजा हान्सचे १४९६ चे सोन्याचे नाणे १२ लाख युरोंना गेले. वारसांच्या तीन-चार पिढ्यांनी ते फक्त सांभाळले.

भुईकोट

आपल्याकडे काय स्थिती आहे याबद्दल थोडे लिहितो. मुंबई, बंगळूरु, अहमदाबाद येथे नाण्यांचे नियमित लिलाव होतात आणि मी मुंबईच्या काही लिलावांना बसलो आहे. दालनात सराफ, बांधकाम व्यावसायिक, डॉक्टर, कापडाचे व्यापारी आणि त्यांच्यासाठी बोली लावणारे नाणेविक्रेते दिसतात. विद्यापीठातला माणूस आला तर मागच्या रांगेत वही घेऊन बसतो. शिकायचे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. संग्राहकांनी तिकडे अवश्य जावे, तिथे ग्रंथही आहेत आणि चुका दाखवणारी माणसेही.

आपला बाजार जगापासून तुटलेला आहे, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा मुंबईत विकल्या जाणाऱ्या मुघल मोहरेवर लंडनचा माणूस बोली लावू शकत नाही, आणि तशीच मोहोर लंडनमध्ये विकली गेली तर तिथे भारतीय वंशाचे, आखाती आणि युरोपीय संग्राहक एकमेकांना भिडतात. टांकसाळ साहेबांनी म्हटलेला दुसरा बोलीदार आपल्याकडे देशातच शोधावा लागतो.

जहांगीरच्या हजार तोळ्यांच्या मोहरेची गोष्ट इथे आठवते. १६१३ मध्ये आग्र्याला पाडलेली, जवळजवळ बारा किलो वजनाची ही मोहोर हैदराबादच्या निजाम घराण्याकडे होती असे मानले जाते. १९८७ मध्ये ती जिनिव्हात लिलावाला निघाली तेव्हा सीबीआयने चौकशी सुरू केली. आजही तिचा ठावठिकाणा जाहीर नाही. कोण घेणार यापेक्षा कोणाला विकण्याचा हक्क आहे हाच प्रश्न तिथे मोठा ठरला.

राहिला शिवरायांचा होन. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचे हे इवलेसे नाणे. खरे होन हातावर मोजण्याइतके, आणि घेऊ इच्छिणारे मराठी संग्राहक त्यापेक्षा कितीतरी जास्त. इथे गुंतवणुकीचा हिशेब कुणीच करत नाही. याचाच फायदा घेऊन नकली होन सर्रास फिरतात. समाजमाध्यमांवर 'घरात सापडला' म्हणून विकायला आलेल्या होनाला निदान मी तरी हात लावणार नाही.

आजोळ

आमच्याकडे आजीच्या पुतळ्यांची माळ आणि राणीचा शिक्का असलेल्या तीन सोन्याच्या मोहरा आहेत, त्यांतल्या दोहोंना कडी जोडलेली आहे. अशा वस्तू लिलावात कोणी घेते का? सराफांनी वजनावर भाव सांगितला.

भुईकोट

@आजोळ, पुतळ्यांना नाणेसंग्राहक सहसा विचारत नाहीत. बहुतेक पुतळ्या व्हेनिसच्या डुकाटची इथे झालेली नक्कल असतात आणि माळेत ओवण्यासाठी त्यांना छिद्र किंवा कडी असतेच. दागिना म्हणून त्यांना मोल आहे, ते जपा. कडी जोडलेल्या मोहरांचा भाव पुष्कळ उतरतो, आणि कडी काढून जागा घासली तर त्याहून उतरतो, म्हणून सोनाराला हात लावू देऊ नका. कडी नसलेल्या तिसऱ्या मोहरेवर १८४१ साल असेल तर ती कुठल्याही नोंदणीकृत लिलावगृहाला दाखवावी. पण आधी हे पाहावे लागेल की ती मूळ टंकन आहे की टांकसाळीने नंतर जुन्याच ठशांवरून काढलेली आहे, कारण त्यावर भाव फिरतो. पुसू नका, लिंबू-चिंच तर मुळीच लावू नका. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे आणि ग्रॅममधले वजन, दशांशासह, इथे दिलेत तर मी पाहून सांगेन.